स्लिंग बॅगेने खांदा भरून येतो? नवी बॅग घेण्याआधी या क्रमाने तपासा

लक्षणं

स्लिंग बॅग म्हणजे एका खांद्यावरून तिरकी घालायची, पाठीवरून पुढे ओढता येणारी कॅमेऱ्याची बॅग. तुमच्या बाबतीत यातलं नेमकं काय होतंय ते आधी ओळखा. एकाच बॅगेत दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात.

- अर्ध्या-पाऊण तासात एका बाजूची मान अवघडते, खांदा भरून येतो, घरी आल्यावर पट्ट्याच्या जागी लाल वळ दिसतो.
- खाली वाकलं की बॅग पाठीवरून घसरून थेट पुढ्यात येते.
- चालताना बॅग कमरेखाली लोंबते आणि मांडीवर आपटत राहते.
- सकाळी बरोबर बसवलेला पट्टा दुपारपर्यंत आपोआप लांब होतो.
- मानेजवळ घामाने कातडी सोलवटते, मिठासारखं चुरचुरतं.
- बॅग पुढे ओढून चेन उघडली की ती एका बाजूला कलंडते आणि लेन्स बाहेर डोकावते.
- हाताला मुंग्या येतात, करंगळी-अनामिका बधिर होतात.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं बाजूला ठेवा आणि सगळ्यात खालचा भाग आधी वाचा.

रत्नागिरी, दापोली, मालवण या पट्ट्यातल्या फोटोग्राफर मंडळींच्या बॅगा याच तक्रारीसाठी माझ्याकडे येतात. लग्नाची कामं करणारे, शिमग्याच्या पालख्या टिपणारे, थंडीत किनाऱ्यावर उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांसाठी मोठी लेन्स घेऊन हिंडणारे, सगळे. बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : "दादा, कुठली बॅग घेऊ?" आधी आहे ती बॅग भरून माझ्यासमोर घालायला सांगतो. बऱ्याच जणांचा त्रास तिथल्या तिथे कमी होतो आणि नव्या बॅगेचे पैसे वाचतात. म्हणून खालचा क्रम फुकटच्या उपायापासून खर्चाच्या उपायाकडे जातो. मधली पायरी गाळू नका, नाहीतर नव्या बॅगेतही तोच त्रास पुन्हा सुरू होईल.

१. पट्ट्याची लांबी

रोजचं सगळं सामान भरा आणि बॅग पाठीवर घ्या. बॅगेचा तळ कमरेच्या हाडाच्या वर राहिला पाहिजे. आरशात दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा.

स्लिंग बॅग पुढे ओढायला सोपी पडावी म्हणून बहुतेक जण पट्टा सैल ठेवतात आणि तसाच सैल ठेवून दिवसभर चालतात. सैल पट्ट्यावरची बॅग पावलागणिक झुलते, आणि प्रत्येक झोक्याला खांद्याला हिसका बसतो. जांभ्याच्या पायऱ्या उतरताना किंवा भुसभुशीत वाळूत चालताना हा हिसका दुप्पट जाणवतो. चालताना पट्टा आवळलेला, फोटो काढायच्या वेळी सैल, ही सवय हाताला लागली पाहिजे. पट्टा एका हाताने सैल करता येईल असं बकल चांगल्या बॅगांना असतं, ते वापरा.

आता बुटाची नाडी बांधायला वाकता तसे वाका. बॅग पुढे आली तर पट्टा अजून सैल आहे, किंवा दुसऱ्या काखेखालून येणारा बारीक आडवा पट्टा तुम्ही लावलेला नाही. हा बारीक पट्टा बहुतेकांनी गुंडाळून कप्प्यात कोंबलेला असतो. तो वजन उचलत नाही, पण बॅग पाठीला धरून ठेवतो. बाइकवर तर तो लावल्याशिवाय निघूच नका. सैल बॅग वळणावर एका अंगाला सरकते आणि कोपराला अडते. घाटातल्या वळणावर हे धोक्याचं आहे.

पट्टा पूर्ण आवळूनही बॅग कमरेखालीच राहते का? ठेंगण्या माणसांना आणि बऱ्याच बायकांना ही अडचण येते, कारण पट्टा उंच माणसाच्या मापाने कापलेला असतो. शाळेच्या बॅगा शिवणाऱ्याकडून पट्टा आखूड करून घ्या. काम छोटं आहे आणि बॅग टाकून देण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

२. कुठल्या खांद्यावर

काही स्लिंग बॅगा एकाच खांद्यासाठी कापलेल्या असतात, काही दोन्हीकडे चालतात. ओळखायची पद्धत सोपी आहे. बॅग पुढे ओढा. मुख्य चेन वरच्या अंगाला आली तर खांदा बरोबर आहे. चेन खाली किंवा छातीकडे तोंड करून आली तर बॅग उलट्या खांद्यावर आहे, आणि उघडल्यावर लेन्स बाहेर येण्याचं कारणही तेच.

दोन्हीकडे चालणारी असेल तर दर तासाला खांदा बदला. एकाच खांद्याची असेल तर दर तासाला बॅग उतरवून पाच मिनिटं खांदे मोकळे करा. एका बाजूला वजन असलं की शरीर तो खांदा नकळत वर उचलून धरतं, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू सतत आखडलेला राहतो. दुखायला लागतं ते त्यामुळे.

३. वजन

या पायरीवर सगळ्यात जास्त वाद होतात, आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडतो.

बॅग भरलेली असताना प्रवासाच्या सामानासाठी मिळतो त्या लटकवायच्या काट्यावर तोला. तो नसेल तर घरच्या वजनकाट्यावर एकदा बॅगेसकट आणि एकदा बॅगेशिवाय उभे राहा आणि वजाबाकी करा. अंदाजाने सांगू नका. "फार नाही, दोनेक किलो असेल" असं सांगितलेली बॅग काट्यावर चारच्या घरात जाताना मी पुष्कळदा पाहिली आहे.

कसं वाढतं ते बघा. सोनीचा ए७ मार्क ४ कॅमेरा बॅटरी-कार्डासह ६५८ ग्रॅम. त्याच कंपनीची दुसऱ्या पिढीची २४-७० जीएम लेन्स ६९५ ग्रॅम, ७०-२०० जीएम १०४५ ग्रॅम. एवढ्यातच २३९८ ग्रॅम झाले, आणि या तर हलक्या समजल्या जाणाऱ्या लेन्स आहेत. कॅननची डीएसएलआरसाठीची जुनी ७०-२०० एफ २.८, दुसरी आवृत्ती, एकटी १४९० ग्रॅमची आहे. त्यावर सेल भरलेला फ्लॅश साधारण अर्धा किलो, अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, आणि रिकाम्या बॅगेचं वजन वेगळं. चार्जर आणि पॉवर बँक अजून धरलेलीच नाही.

माझा ठोकताळा असा : सगळं मिळून अडीच किलोपर्यंत स्लिंग अर्धा दिवस सुखाने चालते. साडेतीनपर्यंत तास-दोन तासांच्या कामाला ठीक. त्यापुढे दोन पट्ट्यांची पाठीवरची बॅगच हवी. कितीही महाग स्लिंग घेतली तरी पाच किलो एका खांद्यावर सुसह्य होणार नाहीत. वजन तेच, खांदा तोच.

कमी काय करायचं, हे कुठे जाणार यावर ठरतं. वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना टिपायला जात असाल तर फ्लॅश घरी ठेवा. पिल्लांवर फ्लॅश मारायचाच नसतो, मग अर्धा किलो कशाला वागवायचा? राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं बघायला जाताना मोठ्या झूमला काम नसतं. चित्रं पायाशी जमिनीत कोरलेली आहेत, तिथे रुंद कोनाची एक लेन्स पुरते. वाचलेल्या वजनात पाणी जास्त घ्या, सड्यावर सावली मिळत नाही. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात लेन्स बदलायला ना जागा मिळते ना कोरडा हात. कॅमेऱ्यावर एक झूम चढवा आणि खिशात जादा बॅटरी ठेवा.

कुरव आणि किनाऱ्यावरचे इतर पक्षी हेच काम असेल तर गोष्ट वेगळी. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी जवळपास दोन किलोची आहे, भरीला कॅमेरा. हे सामान स्लिंगमध्ये बसवायचा आग्रह सोडा. इथे पट्टा आणि बकलं तपासण्यात वेळ घालवू नका, सरळ पाठीवरची बॅग घ्या.

पावसाळ्यात पुन्हा तोला. पट्ट्यातला आणि पाठीकडचा फोम पाणी धरतो. आंबोलीच्या पावसात अर्धा दिवस भिजलेली बॅग निघतानापेक्षा हाताला स्पष्ट जड लागते. शिवाय रेनकोटच्या गुळगुळीत कापडावर पट्टा टिकत नाही, तो मानेकडे किंवा दंडाकडे सरकतो. बॅग आत आणि ढगळ पोंचो वरून, ही रचना दोन्ही त्रासांवर चालते.

४. आतली मांडणी

वजन आवाक्यात आहे तरी बॅग कलंडते, तर दोष मांडणीचा आहे. सगळ्यात जड वस्तू पाठीला लागणाऱ्या बाजूला आणि मधोमध ठेवा. जड वस्तू शरीरापासून जितकी लांब, तितकी ती बॅगेला बाहेर ओढते आणि पट्टा मानेत रुततो. लोक नेमकं उलट करतात : बाहेरच्या खिशात पॉवर बँक, पाण्याची बाटली आणि ट्रायपॉडची प्लेट.

वेल्क्रोचे डिव्हायडर सगळे काढा आणि आपल्या सामानाच्या मापाने नव्याने लावा. दुकानातून आले तसेच ठेवले तर लेन्सच्या भोवती मोकळी जागा राहते, सामान आत सरकतं आणि झोका वाढतो. डिव्हायडर धरत नसतील तर वेल्क्रोत वाळू अडकलेली असते. जुन्या कडक टूथब्रशने विंचरून काढा.

५. मीठ, वाळू आणि घसरणारं बकल

पट्टा दुपारपर्यंत आपोआप लांब होतो ही तक्रार किनाऱ्यावरच्या बॅगांत फार दिसते. पट्टा बकलातून पूर्ण काढा. बकलाच्या मधल्या दांडीवर अंगठ्याचं नख फिरवा. नव्या बकलाला तिथे खरखरीत दाते लागतात. वाळू आणि मिठाने ते झिजले की नख सरळ सरकतं. मग पट्ट्याकडे बघा. जिथे तो रोज बकलात बसतो तिथली वीण चपटी आणि चकचकीत झालेली असते. झिजलेले दाते आणि गुळगुळीत पट्टा एकत्र आले की जरा ओल लागताच पट्टा सुटायला लागतो.

आधी धुऊन बघा. बॅग पूर्ण रिकामी करा, कोमट पाण्यात साधा साबण घ्या, पट्टा आणि बकल ब्रशने घासा, गोड्या पाण्याने दोनदा खळबळा आणि सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये अजिबात घालू नका, आतल्या बाजूचा पाणी अडवणारा थर निघून येतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून न धुतलेला पट्टा घरात टांगून ठेवला तरी दमट राहतो. मानेजवळची कातडी सोलवटते ती याच खारट, दमट पट्ट्यामुळे. कित्येकांचं चुरचुरणं नुसत्या धुण्याने थांबलेलं आहे. समुद्रावरून आल्यावर त्याच दिवशी पट्टा ओल्या फडक्याने पुसायची सवय लावा.

धुऊनही घसरत असेल तर तीन दांड्यांचं साधं बकल आणा. बॅगांचं सामान विकणाऱ्या दुकानात ते अगदी स्वस्तात मिळतं. आपली लांबी ठरली की मुख्य बकलाच्या मागे, पट्ट्याच्या मोकळ्या शेपटीकडे ते घाला आणि पट्टा त्यातून परत उलटा ओवा. मुख्य बकल सुटलं तरी पट्टा या दुसऱ्या बकलाशी येऊन अडतो. पट्टा याहून लांब करता येणार नाही, म्हणून बॅग पुढे ओढण्याइतकी ढील शिल्लक ठेवूनच त्याची जागा ठरवा.

चेनचा रनर जड चालत असेल तर त्यालाही गोडं पाणी आणि ब्रश. वाळल्यावर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, तेलावर वाळू चिकटते.

६. पट्ट्याची रुंदी

पाण्याने भरलेल्या बादलीच्या तारेच्या कडीला फडकं गुंडाळलं की हाताला रग लागत नाही. पट्ट्याचं गणित तेच : वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर पसरतं. दोन किलोच्या वरच्या बॅगेला खांद्यापाशी चार सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टा असेल तर तो रुतणारच, आणि अरुंद पट्टा घामाने वळकटी होऊन दोरीसारखा बसतो.

सहा सेंटिमीटर रुंदीची, आत घट्ट फोम असलेली गादी शिवून घेता येते. गाड्यांची सीट कव्हरं शिवणारेही हे काम चांगलं करतात. फोम मऊ-मऊ घेऊ नका. चिमटीत पूर्ण दबणारा फोम खांद्यावरही पूर्ण दबतो आणि काही उपयोग होत नाही. खालच्या बाजूला जाळीचं कापड लावायला सांगा, रेक्झीन घामाने चिकटतं. गादी पट्ट्यावर सरकती ठेवा, म्हणजे खांदा बदलला तरी ती जागेवर आणता येते.

७. बॅगेचं आयुष्य संपलंय का

आतल्या अस्तराला हात लावा. चिकट लागतंय, पापुद्रे निघतायत, आंबट वास येतोय? मग पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत विघटन होऊन सुटायला लागला आहे. यावर उपाय नाही. ते पापुद्रे लेन्सवर आणि सेन्सरवर जातात, आणि ओल धरणाऱ्या बॅगेत लेन्सला बुरशी लागते. अशा बॅगेवर गादी-बकलाचा खर्च करू नका.

पाठीकडचा फोम दाबून सोडा. तो परत वर येत नसेल तर कॅमेऱ्याचा कोपरा बरगडीला टोचत असणार. फोम बदलता येतो, पण त्यासाठी बॅग उसवावी लागते. बॅग महागातली असेल तरच त्या फंदात पडा.

८. नवी बॅग घेताना

इथपर्यंत सगळं करूनही त्रास असेल, तर बॅगच चुकीची आहे. कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या दुकानात जाणार असाल तर आपलं सामान सोबत न्या. दुकानातल्या रिकाम्या बॅगेवरून काहीही कळत नाही. सामान भरा, पंधरा मिनिटं दुकानात फिरा, जिना चढा-उतरा, वाका. पट्टा पूर्ण आवळून तळ कमरेच्या वर येतो का ते बघा. एका हाताने पुढे ओढून, चेन उघडून कॅमेरा काढता आला पाहिजे, कारण पालखी नाचताना दुसरा हात गर्दीतच अडकलेला असतो. बायकांनी छातीवरून जाणारा पट्टा कुठे बसतो हे नक्की बघावं. वक्र कापलेला पट्टा सरळ पट्ट्यापेक्षा बहुतेक वेळा बरा बसतो.

ऑनलाइन मागवली तर लेबलं कापू नका. सामान भरून घरातच अर्धा तास घाला, त्यात घरकामही करा. खांदा बोलेल. परत करायची मुदत आधी वाचून ठेवा.

बॅगेच्या मापाच्या, म्हणजे लिटरच्या बाबतीत मी कंजूस आहे. मिररलेस बॉडी आणि दोन छोट्या लेन्सना पाच-सहा लिटर पुरतात. दहा लिटरची घेतली की रिकामी जागा भरली जाते आणि आपण पुन्हा तिसऱ्या मुद्द्याच्या वजनावर येतो.

पट्टा जिथे बॅगेत शिरतो ती शिवण उलटून बघा. तिथे चौकोनात फुलीची किंवा दाट आडव्या टाक्यांची शिवण हवी. नुसती एकेरी सरळ शिवण असेल तर बॅग परत ठेवा. बकलं आणि कड्या धातूच्या असल्या तर खाऱ्या हवेत त्या गंजतात का हे विचारा. आपल्याकडे चांगलं प्लास्टिक जास्त टिकतं.

इथे थांबा

पट्ट्याच्या मुळाशी टाके उसवलेले दिसले, किंवा कडीची जागा ताणून कापड विरलं असेल, तर घरच्या सुई-दोऱ्याने शिवू नका. लाख-दीड लाखाचं सामान त्या चार टाक्यांवर लटकतं. जाड कापडाचं मशीन असलेल्या बॅग कारागिराकडे द्या, नायलॉनचा दोरा वापरायला सांगा आणि शिवून होईपर्यंत ती बॅग वापरू नका. भिजलेल्या बॅगेतल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला द्या, स्वतः उघडू नका.

शरीराचं जास्त महत्त्वाचं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा हासळीच्या हाडामागून जातात, आणि बॅगेचा पट्टा नेमका त्याच जागी दाब देतो. बॅग उतरवल्यावरही मुंग्या राहत असतील, करंगळी-अनामिका बधिर होत असतील, पकड ढिली होऊन हातातून वस्तू सुटत असतील, कळ मानेतून दंडापर्यंत उतरत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर पट्टा-गादीचे प्रयोग बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. साधं अवघडलेपणही आठवडाभर बॅग न घेता गेलं नाही तर तेच करा. मालिश करणाऱ्याकडून मानेला झटके मारून घेऊ नका. आणि डाव्या हाताच्या किंवा खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, दरदरून घाम किंवा धाप असेल तर ते बॅगेचं दुखणं समजून घरी बसू नका, १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या : बॅग काट्यावर किती किलो भरली, कुठल्या खांद्यावर असते, आणि दिवसाला किती तास. जमलं तर भरलेली बॅगच न्या आणि ती घालून दाखवा.